ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधताना या चुका टाळा

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी गेलं की नातेवाईक अभिमानाने सांगतात, "बाबा आता हॉलमध्ये काठी धरून चालतात." चालता येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण पुढे विचारावं, अंघोळ कोण घालतं? शर्टाची बटणं कोण लावतं? जेवण कोण भरवतं? तिन्ही प्रश्नांना मुलाचं, सुनेचं नाहीतर ब्युरोतून आलेल्या मावशींचं नाव येतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम नेमकं इथे आहे. सगळे त्यांना ओटी म्हणतात, मीही पुढे तेच लिहिते. आजारपण, अपघात, म्हातारपण यांमुळे माणसाच्या हातून रोजची जी कामं सुटतात ती त्याला परत करता यावीत, आणि मुलांच्या बाबतीत ती पहिल्यांदा जमावीत, यासाठी ओटी असतात. जेवण, अंघोळ, कपडे, स्वयंपाक, शाळा, नोकरी, देवपूजा, पत्त्यांचा डाव, सगळं यात येतं.

मी ठाण्यात ही प्रॅक्टिस करते. कळवा, घोडबंदर, ऐरोली, घणसोलीकडून कुटुंबं येतात. त्यांचा वेळ आणि पैसा जिथे वाया गेलेला दिसतो, ती ठिकाणं इथे मांडते आहे.

"आधी फिजिओ संपू दे, मग ओटीचं बघू"

या एका वाक्यापायी कित्येक घरांत तीन-चार महिने जातात. फिजिओ आणि ओटी एकाच वेळी चालतात. फिजिओथेरपिस्ट ताकद, तोल, सांध्यांची हालचाल आणि चाल यांवर भर देतात. त्याच शरीराकडून एखादं काम कसं करून घ्यायचं, आणि ते होतच नसेल तर पद्धत, वस्तू किंवा जागा कशी बदलायची, हे ओटी पाहतात. दोघांचं काम काही ठिकाणी एकमेकांत मिसळतं, त्यात वावगं काही नाही. झटक्यानंतर पहिले तीन ते सहा महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होत राहते, पण हे सुरुवातीचे महिने नुसत्या वाट पाहण्यात घालवू नयेत.

ओटी काय पाहतात याचं एक उदाहरण देते. मेंदूच्या उजव्या भागाला झटका बसलेल्या काही पेशंटांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे व्यवस्थित असतात, तरी डावी बाजू त्यांच्या हिशेबातून गळलेली असते. आपल्या ताटात हे लख्ख दिसतं. उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडचं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर जसंच्या तसं राहतं. घरचे म्हणतात, "काकांची चव गेली, चटणीला हात लावत नाहीत." ताट अर्धं फिरवून ठेवलं की काका तीच चटणी चाटूनपुसून खातात. हेच काका दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटतात आणि अर्ध्याच गालाची दाढी करतात. चालता येतंय म्हणून त्यांना एकट्यानं रस्ता ओलांडू दिला, तर डावीकडून येणारी रिक्षा त्यांना दिसणार नाही. यावर सराव असतो. ताटाच्या, वहीच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय करायची. पण त्याआधी हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवं.

"डॉक्टरांनी लिहून दिलं नाही" हे कारणही नेहमीचं. डिस्चार्ज कार्डावर फक्त फिजिओथेरपी लिहिलेलं असलं तरी न्यूरॉलॉजिस्टना, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना तुम्ही स्वतः विचारा, "ओटीकडे दाखवू का?" थेट ओटीकडेही जाता येतं. जाताना डिस्चार्ज समरी, स्कॅनचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी मात्र न विसरता न्या. बीपी किती चालेल, फिट येतात का, मोडलेल्या पायावर किती भार द्यायचा, हे कळल्याशिवाय कोणी जबाबदार थेरपिस्ट पेशंटला उभं करणार नाही.

नोंदणी न पाहता सेंटर निवडणं

महाराष्ट्रात ओटी म्हणून काम करायचं तर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलकडे नोंदणी लागते. या कौन्सिलचा कायदा २००२ सालचा आहे. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेतल्या अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातही ओटी आहेत. शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप. पाटीवर बीओटीएच किंवा एमओटीएच अशी ओटीची पदवी लिहिलेली असते.

नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. खरा नोंदणीकृत माणूस लगेच दाखवतो. मुलांच्या सेंटरमध्ये बऱ्याचदा आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा क्रमांक दाखवला जातो. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी तिथे होते आणि ती महत्त्वाचीच आहे. पण तेवढ्यावरून ती व्यक्ती ओटी ठरत नाही. एखादा शॉर्ट कोर्स करून "सेन्सरी थेरपिस्ट" म्हणवणाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न हटकून विचारा.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. तपासणी कोण करणार आणि रोजचं सेशन कोण घेणार? पहिल्या दिवशी सीनियर मॅडम भेटतात, दुसऱ्या दिवसापासून मूल असिस्टंटच्या हाती जातं आणि आई-वडिलांना ते महिनाभराने कळतं. असिस्टंट असायला हरकत नाही. योजना कोणाची, देखरेख कोणाची, हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

फोनवर फक्त फी आणि वेळ विचारणं

फी विचाराच. सोबत आणखी दोन-चार गोष्टी विचारा. आमच्यासारख्या पेशंटांवर तुम्ही नेहमी काम करता का? पहिल्या भेटीत काय तपासता? घरी येऊन जागा बघता का? लेखी रिपोर्ट देता का? हातांचं काम करणारे ओटी वेगळे, लहान मुलांचे वेगळे, मानसिक आरोग्यात काम करणारे वेगळे. सगळ्यांची पदवी एकच असली तरी रोजचा हात वेगवेगळ्या कामावर बसलेला असतो.

तपासणी व्हायच्या आधीच "पन्नास सेशनचं पॅकेज घ्या, सवलत देतो" असं कोणी म्हणालं तर पैसे भरू नका. पन्नास लागतील की पंधरा, हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. "सहा महिन्यांत मूल नॉर्मल करतो" अशी खात्री देणाऱ्यांपासून तर दूरच राहा.

लांबचं नावाजलेलं सेंटर की जवळचं साधं, असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. थेरपिस्ट नोंदणीकृत आणि नीट ऐकून घेणारी असेल तर जवळचं सेंटर घ्या. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवून आलेलं चार वर्षांचं मूल थेरपीच्या पाऊण तासात काही शिकण्याच्या अवस्थेत नसतं.

"हात बरा करा" एवढंच सांगणं

पहिल्या भेटीला जाण्याआधी घरी बसून एक यादी करा. पेशंटला स्वतःला कोणती पाच कामं परत करायची आहेत? पेशंटलाच विचारा, त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका. मुलाला वाटतं आईनं आधी सही करायला शिकावं म्हणजे बँकेचं काम होईल. आईला हवं असतं स्वतःची वेणी स्वतः घालणं. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा. आत्ता किती जमतं, दहापैकी, आणि त्यात किती समाधान आहे, तेही दहापैकी. ओटी जगभर वापरतात त्या कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर या मोजमापाची हीच पद्धत आहे. काही आठवड्यांनी तेच आकडे परत लिहिले की फरक पडला की नाही हे कोणी सांगायची गरज उरत नाही. मोठ्या माणसांसाठी बार्थेल इंडेक्स हेही एक मोजमाप वापरतात. जेवण, कपडे, संडास, जिने अशा दहा कामांचे मिळून शून्य ते शंभर गुण. रिपोर्टमध्ये असं काही मोजमाप आहे का ते पाहा.

मायेपोटी सगळं आपणच करणं

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती करणारी माणसं मनाने फार चांगली असतात. सून म्हणते, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी घालते." मुलगा म्हणतो, "आयुष्यभर आमच्यासाठी राबलात, आता आराम करा." पाहुणे कौतुक करतात, किती सेवा करतात हो! बाबांना शर्ट घालायला वीस मिनिटं लागतात, सुनेला दोन. सकाळी डबे, शाळेची बस आणि लोकलची वेळ एकमेकांवर आदळत असतात, त्यामुळे शर्ट सूनच घालते. तिचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या हाताला दिवसभर कामच मिळत नाही, तो हात वापरायचं मेंदू सोडून देतो. आठवड्यातून तीनदा पाऊण तास आम्ही जे करून घेतो, ते बाकीच्या सगळ्या तासांत धुऊन जातं.

यावर उपाय असा की सकाळची घाई तशीच राहू द्या आणि दिवसातलं एकच काम पेशंटचं म्हणून ठरवा. संध्याकाळी फिरायला जातानाचा शर्ट घ्या. पाय जमिनीला टेकतील अशा पक्क्या खुर्चीवर बसवा, पलंगाच्या मऊ गादीवर नको. शर्ट मांडीवर पसरा आणि कमजोर हाताची बाही दोन गुडघ्यांच्या मधून खाली सोडा. चांगल्या हाताने कमजोर हात उचलून त्या बाहीत सोडायचा. मग बाही वर ओढायची, मनगटापर्यंत नाही, कोपराच्याही वर, खांद्यापर्यंत. बहुतेकांचा शर्ट इथेच फसतो. बाही कोपराखाली राहिली की पाठीमागून शर्ट फिरवताना ती घसरून खाली येते आणि पेशंट वैतागून सोडून देतात. बाही खांद्यापर्यंत चढली की शर्ट पाठीमागून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत जातो. बटणं खालून वर लावायची, म्हणजे एक घर चुकून वरखाली होत नाही. घालताना आधी कमजोर हात, काढताना आधी चांगला हात, हा क्रम सदरा, ब्लाउज, पँट सगळ्याला लागू पडतो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, म्हणजे मावशी बदलल्या तरी क्रम बदलत नाही.

तुम्ही शेजारी बसा, पण हात मांडीवर ठेवा. ते अडले की लगेच धावू नका. थोडं थांबा, मग शब्दांनी सांगा, तरी नाहीच जमलं तर हात लावा. बघत बसणं फार कठीण जातं हे मला माहीत आहे.

याच संदर्भात दोन गोष्टी ताबडतोब थांबवा. पेशंटला उठवताना कमजोर हात धरून ओढणं आणि काखेत हात घालून उचलणं. पॅरालिसिसमध्ये खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा त्यांच्याच आधारावर टिकून असतो. ओढाताणीत तो जागेवरून खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखतो, इतका की पेशंट कुठलाच व्यायाम करू देत नाहीत. आधार कमरेला द्यायचा, त्यासाठी पकड असलेला रुंद पट्टा मिळतो.

हातात रबरी बॉल देऊन "दाबत बसा" म्हणणंही तसंच. बोटं आधीच मुठीत वळत असतील तर बॉल दाबून मूठ आणखी घट्ट होण्याची शक्यता असते. अशा हाताला गरज असते ती बोटं उघडून पेला सोडायची, टेबलावरची पोळी धरायची, टॉवेल पसरायची. बॉल द्यायचा की नाही हे ओटीला हात दाखवून ठरवा.

बाथरूम न मोजता सामान आणणं

घरी पडण्याच्या जागांत बाथरूम फार वर आहे, आणि आपल्याकडची बाथरूमं लहान. सिडकोच्या जुन्या घरांत, ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगांत दाराशी उंबरा, आत बसकं फ्लोअरिंग आणि कोपऱ्यात बादली. ऑनलाइन मागवलेली कमोड चेअर दारातच अडते, किंवा आत जाते पण दार लागत नाही. आधी दाराची मोकळी रुंदी मोजा, म्हणजे दार पूर्ण उघडल्यावर चौकटीपासून दाराच्या पानापर्यंत. उंबऱ्याची उंची मोजा. आत खुर्ची ठेवून शेजारी मदतनीस उभी राहील का ते पाहा. फोटो आणि ही मापं ओटीला दाखवा आणि मगच खरेदी करा.

बरेचदा खर्चाचं काही करावंही लागत नाही. बादली जमिनीवर असते म्हणून प्रत्येक तांब्याला पेशंट वाकतात, आणि वाकताना तोल जातो. बादली पक्क्या स्टुलावर चढवली, आणि बसायला हात असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची दिली, की अर्धा धोका तिथेच कमी होतो. साबण हातातून निसटून खाली पडतो, तो जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. आधाराचा दांडा मात्र नीट बसवून घ्या. टॉवेलचा दांडा माणसाचा भार घेण्यासाठी केलेला नसतो, तो टाइलसकट हातात येतो. रबरी चकतीने चिकटणाऱ्या हँडलवरही भरवसा ठेवू नका. स्टीलचा ग्रॅब बार भक्कम भिंतीत ड्रिल करून बसवायचा. कुठे आणि किती उंचीवर, हे पेशंट उठताना हात कुठे टाकतात ते पाहून ठरतं, म्हणून प्लंबरला बोलावण्याआधी ओटीला दाखवा.

व्हीलचेअरचंही तेच. दुकानात बहुतेक १८ इंची सीटची मिळते. बारीक अंगाच्या आजींना ती ढगळ होते, त्या एका बाजूला कलून बसतात, पाठ वाकते आणि माकडहाडाला जखम होते. बसल्यावर दोन्ही बाजूंना साधारण एक-एक इंच जागा उरावी, एवढंच माप. सीट मोठी म्हणजे खुर्चीची बाहेरची रुंदीही मोठी, म्हणजे पुन्हा दारात अडणार. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावा आणि ब्रेक लावल्याची खात्री करा.

मुलांच्या बाबतीत: थांबणं, रंगीत खोलीला भुलणं, पानंच्या पानं लिहून घेणं

"मुलगा आहे, उशिराच बोलेल", "त्याचे बाबाही असेच होते." आजी-आजोबांचा धीर चांगला असतो, पण मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, नजर देत नसेल, येत असलेले शब्द हरवले असतील, तर बालविकास तज्ज्ञांना दाखवायला पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नका. थेरपी सुरू करायला निदानाचा शिक्का लागत नाही. केस कापताना, नखं काढताना, मिक्सर लावल्यावर मूल जीव जाईल असं रडत असेल, तर तो हट्ट किंवा लाड आहे असं ठरवण्याआधी ओटीला सांगा. अशा मुलांना स्पर्श, आवाज, हालचाल यांची जाणीव इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार कमी होते का, हे त्या तपासतात. सेन्सरी इंटिग्रेशनची ही मांडणी जीन एअर्स या अमेरिकन ओटीची.

पण सेंटरमध्ये झोपाळे, बॉल पूल, रंगीत दिवे आहेत म्हणजे तिथे थेरपी चांगली, असं समीकरण मांडू नका. झोपाळा कशासाठी, हे विचारा. "त्याला शांत बसून वीस मिनिटं जेवता यावं म्हणून आधी हे करतो आहोत" असं उत्तर आलं तर ठीक. "सेन्सरीसाठी" एवढंच आलं तर पुढे विचारा. आणि आई-वडिलांना सेशन पाहायलाच देत नाहीत अशा ठिकाणी मूल ठेवू नका. मूल तुम्हाला पाहून रडत असेल तर काचेतून पाहा, कॅमेऱ्यावर पाहा, शेवटची दहा मिनिटं आत बसा. काही ना काही सोय हवी.

अक्षराची तक्रार घेऊन येणारे पालक पुष्कळ. घरी रोज शुद्धलेखनाची पानं चालू असतात, मूल रडतं, अक्षर तसंच राहतं. आधी मूल लिहायला बसतं कुठे ते पाहा. डायनिंग टेबलाच्या उंच खुर्चीत पाय लोंबकळत असतात, टेबल छातीपर्यंत येतं, खांदे वर चढतात. पाय टेकायला पाट किंवा लहान स्टूल द्या, कोपर टेबलावर सहज टेकेल असं बसवा. मग बोटांकडे पाहा. मूल पेन्सिल मुठीत धरतं की अंगठ्याने गच्च दाबून? काना-मात्रा, वेलांट्या काढायच्या आणि शिरोरेषा न थांबता ओढायची तर मनगट स्थिर आणि बोटं मोकळी लागतात. बोटांची ताकद वही-पेन्सिलीबाहेर वाढते. मटार सोलणं, कणकेचे छोटे गोळे करणं, कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं, चिमटीने रांगोळीचे ठिपके घालणं. पाच वर्षांच्या मुलाला रोज पंधरा मिनिटं हे करू द्या आणि शुद्धलेखन अर्ध्या पानावर आणा.

दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर खासगी ओटीच्या रिपोर्टवर विसंबू नका. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शासनमान्य केंद्रातूनच लागतं, मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयं त्यासाठी ओळखीची आहेत. तिथे तपासणीला वेळ लागतो, म्हणून आठवी-नववीतच नाव घाला.

हाताला दुखापत झाल्यावर मेडिकलमधून पट्टा आणणं

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत प्रेसमध्ये, कटरमध्ये बोटं सापडतात. ऑपरेशन होतं, टाके निघतात, आणि माणूस मेडिकलमधून मिळेल तो पट्टा बांधून बसतो. शिवलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत नाजूक असते. जास्त हलवली तर तुटते, अजिबात नाही हलवली तर आजूबाजूला चिकटते. त्यामुळे बोटं कोणत्या कोनात ठेवायची आणि किती हलवायची हे सर्जन आणि ओटी मिळून ठरवतात. त्यासाठीचा स्प्लिंट, म्हणजे हात ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार, त्याच हातावर बनवतात. प्लॅस्टिकसारखी शीट साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात मऊ होते, ती हातावर ठेवून आकार देतात आणि थंड झाली की तोच आकार पक्का होतो. म्हणूनच स्प्लिंट गरम पाण्याने धुऊ नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आकार जातो. काढल्यावर त्वचेवरचा लाल वळ वीस मिनिटांत गेला नाही तर दोरी सैल करत बसू नका, दाखवायला जा. शीट थोडी तापवून लगेच नीट करता येते.

भाजलेल्या पेशंटांसाठी ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ आहे. भाजल्याच्या जखमा भरल्या म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. नवी त्वचा आकसते आणि बोटं, कोपर, मान आखडतात. प्रेशर गारमेंट, म्हणजे त्वचेवर दाब देणारा मापाचा घट्ट कपडा, दिवसातले तेवीस तास घालायला सांगतात ते याचसाठी, आणि उन्हाळ्यात ते सोसत नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात. घाम, खाज, पुरळ यांचा त्रास सुरू झाल्याबरोबर सांगा, दोन जोड करून आलटून पालटून घाला. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मानसिक आजारात ओटीचा विचारच न करणं

स्किझोफ्रेनियाचं औषध लागू पडलं, भास थांबले, तरी मुलगा दिवसभर झोपून असतो, अंघोळ टाळतो, नोकरी टिकत नाही. घरचे याला आळस म्हणतात. दिवसाचं वेळापत्रक बसवणं, पैशांचे व्यवहार, लोकांत मिसळणं, काम टिकवणं हे ओटीच्या कामाचा जुना भाग आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयात किंवा तुमच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे याची चौकशी करा. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटांच्या घरीही ओटीचा उपयोग होतो, विशेषतः गॅस, दाराची कडी आणि औषधं सांभाळण्यासाठी.

खासगीच हवं असं धरून चालणं

देशातलं पहिलं ओटी स्कूल १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी सुरू केलं. केईएम, सायन आणि नायर या तिन्ही महापालिका रुग्णालयांत ओटीचं शिक्षण आणि ओपीडी चालते, आणि ठाण्याहून सायन लोकलने लांब नाही. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. नवी मुंबईत नेरूळला डी. वाय. पाटील विद्यापीठात ओटीचं कॉलेज आहे, आणि कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे पेशंटला वेळ भरपूर मिळतो. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी आहे. खारघरला बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, त्याची माहिती अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात मिळते. कारखान्यात दुखापत झाली आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर आधी तिथे विचारा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं कवच मिळतं आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही भाग असतो. साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडीतली थेरपी बहुधा बसत नाही, म्हणून पॉलिसी नीट वाचा. बिलावर थेरपिस्टचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीखवार सेशन लिहून घ्या. क्लेम अडतो तो बहुधा याच तपशिलावर.

सहा-आठ आठवडे झाले, फरक दिसत नाही

लगेच थेरपिस्ट बदलू नका, आधी पुढच्या गोष्टी तपासा. ठरवलेलं काम फार मोठं आहे का? "स्वयंपाक करणं" यापेक्षा "ओट्याशी बसून भाजी निवडणं" इथून सुरुवात करा. घरी दिलेला सराव खरंच होतो का, की मावशींना कोणी सांगितलंच नाही? खांदा दुखतो का? चष्म्याचा नंबर, ऐकण्याचं यंत्र तपासलं का? झटक्यानंतर पुष्कळ पेशंटांना नैराश्य येतं, ते बोलत नाहीत, नुसते "नको" म्हणतात. तो हेकटपणा समजून ओरडू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. मूल असेल तर झोप, सर्दी, शाळेतला बदल, नवं भावंड, सगळं थेरपिस्टला कळवा.

हे सगळं पाहूनही दोन महिन्यांत एकही काम पुढे सरकलं नसेल, आणि थेरपिस्ट त्याचं कारण सांगू शकत नसतील, योजना बदलत नसतील, तर दुसरीकडे जा. जाण्याआधी पहिल्या तपासणीचा रिपोर्ट, आत्ताचा रिपोर्ट आणि घरच्या सरावाचा कागद मागून घ्या. स्प्लिंट, पट्टे, मापं घेतलेले फोटो बरोबर ठेवा. पेशंट घरी एखादं काम करत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओही न्या, म्हणजे जेवताना, उठताना, शर्ट घालताना. नव्या जागी पेशंट लाजतात, मूल बिथरतं, आणि घरी जे जमतं ते तिथे दिसत नाही. व्हिडिओ असला की पहिल्याच भेटीत काम सुरू होतं.